टाचा उंचावून लावलेली कडी

‘सांगणाऱ्याकडे सगळेच बघतात. तू ऐकणाऱ्याकडे बघ.’

साहेबांना जाऊन किती वर्षं लोटली, पण हे वाक्य जमादारबाईंच्या कानात अजून त्यांच्याच घोगऱ्या आवाजात उमटायचं. पोलिसातल्या नोकरीतली पहिली जबानी घ्यायला बसवताना साहेब तेवढंच बोलले होते आणि निघून गेले होते. तेव्हा बाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

आता त्या निवृत्त होत्या. सकाळी देवापुढून उठताना रोज एक व्रत घ्यायच्या. दिवस मावळेपर्यंत तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. सगळी नोकरी शिव्यांच्या चिखलातून केल्यावर जीभ धुवायला एवढं तरी हवंच होतं. बहुतेक दिवस व्रत बिनबोभाट पार पडे.

त्या दिवशी मात्र हात जोडून होतात न होतात तोच दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरची धाकटी. साठी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. तिच्या हातात काहीतरी होतं. मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं तिनं ते अंगापासून लांब धरलं होतं. ती दाराची कडी होती. जुनी, गंजून सोललेली.

“माझ्या दाराच्या मुठीला बांधून ठेवली होती कुणीतरी,” धाकटी म्हणाली. “दूध घ्यायला दार उघडलं, तर हातालाच लागली.”

“कुणी बांधली असेल?”

“कुणीही. पेपर सगळ्यांनी वाचलाय.”

बाईंनी कडी कागदात गुंडाळली. हाताला तांबडी धूळ लागली. ती धुऊनही वास जाईना.

पेपरात काय आलं होतं ते त्यांनीही वाचलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी सुताच्या कारखान्यात एक खोली जळाली. सूत गुंडाळणाऱ्या बाया आत होत्या. त्यांतली एकच जगली, पण धुरानं तिचे डोळे गेले. तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. महिन्यापूर्वी आत्याही गेली. तिच्या आठवणींचं पुस्तक उद्या संध्याकाळी समारंभात बाहेर येणार होतं आणि त्यातलं एक प्रकरण पेपरानं आठ-दहा दिवसांपूर्वीच छापलं होतं. त्या प्रकरणात आत्या सांगते, की आग लागल्यावर मी आणि माझी लहानपणापासूनची जिवलग मैत्रीण बाहेर पळालो, आणि आग मागे येऊ नये म्हणून मैत्रिणीनं दार ओढून कडी लावून घेतली. बाकीच्या आत राहिल्या.

ती मैत्रीण म्हणजे धाकटीची थोरली बहीण. कारखान्यात तिला बांबू म्हणत.

“आत्या मला जन्मभर वेगळंच सांगत आली,” धाकटी म्हणाली. “मुकादमानं बाहेरून दार अडवलं होतं. बांबूनं तिला खांद्यावर घेऊन वरच्या झरोक्यातून बाहेर लोटलं, आणि ती स्वतः आत राहिली. दार फोडल्यावर तिला काढली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचा जीव गेला.”

“तिला आतूनच काढलं, हे बघितलेलं कुणी?”

“उचलणारे सगळे गेले, बाई. आणि माझं कोण ऐकणार? मी तिची बहीण ना!” तिनं दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेकडे बघितलं. “एवढी उंच पोर. दारातून जाताना वाकायची, तरी कपाळाला टेंगूळ असायचंच. आई म्हणायची, हिला नवरा शोधायचा तर शिडी घेऊन फिरावं लागेल. लग्न नाही झालं, काही नाही झालं. आता तिच्या नावावर एवढंच राहणार. उद्या ते पुस्तक निघालं की कायमचं.”

जमादारबाईंनी चपला पायात सरकवल्या.

*

आत्याचं पुस्तक काढणारी, आठवणी जमवणारी संस्था एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात ओल्या सतरंजीचा वास. आत कपाटं, कपाटांत कॅसेटी. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जाऊन त्यांचं आयुष्य त्यांच्याच तोंडून टेप करून आणायचं, हे इथलं काम. टेप करणाऱ्या मुलीच्या कानांवर सदा हेडफोन, म्हणून तिला सगळे कानवाली म्हणत.

बाईंना बघून कानवालीनं हेडफोन काढले. डोळे रडून सुजले होते.

“बरं झालं आलात. जळिताची कॅसेट नाहीये. डबी जागेवर आहे, आत काही नाही.”

“त्या कॅसेटमध्ये काय होतं?”

“धाकट्या मावशी सांगतात तेच. मुकादम, अडसर, झरोका. मीच टेप केली होती दोन वर्षांपूर्वी. माझ्यासमोर बोलल्यात आत्या.”

“मग तू तसं सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना! लेखकसर म्हणाले, तुला तिनं गोड करून सांगितलं. मरणाच्या दारात माणूस खरं बोलतं, ते ती माझ्याजवळ बोलली. आणि त्यांनी टेपच आणून ठेवली अध्यक्षांपुढे. शेवटच्या आठवड्यात आत्याच्या घरी एकटेच गेले होते ते.”

“या आठ-दहा दिवसांत कपाटाशी कोण कोण आलं होतं?”

“लेखकसर रोजच येतात, पुस्तक तेच लिहितायत. आत्याचा भाचा फोटो न्यायला आला होता. आणि कारखान्याच्या मालकाचा नातू. पुस्तकाचा खर्च तोच करतोय. किल्ली टेबलावरच असते,” ती ओशाळून म्हणाली.

“ऐकव मला ती शेवटची टेप.”

कानवालीनं बटण दाबलं. आत्याचा आवाज खोलीत आला. खरखरीत, ठाम.

‘धूर आधी आला, आग मागनं. तिनं माझा हात धरला. आम्ही पळालो. तिनं दार ओढून घेतलं. टाचा उंचावून वरची कडी लावली. मी म्हटलं, उघड गं, उघड. ती म्हणाली, नाही उघडणार. मेले तरी नाही. आवाज येत होता. मग थांबला. आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं.’

त्यानंतर नुसती खरखर.

‘आवाज येत होता, मग थांबला.’ एवढं भयंकर वाक्य इतक्या सहज म्हटलेलं बाईंनी नोकरीतही ऐकलं नव्हतं. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी सलत होतं. दाताच्या फटीत अडकलेल्या धाग्यासारखं.

“आवाज आत्याचाच?”

“शंभर टक्के. जगात कुठेही ओळखेन मी.”

“तू टेप करताना काय करतेस? बोलतेस मध्ये?”

“बोलायचं नसतं. ऐकणाऱ्याचा आवाज टेपवर येता कामा नये, असा नियम आहे इथला. नुसती मान डोलवायची.” ती खालमानेनं म्हणाली, “माझ्याकडून मोडतो तो नियम. अध्यक्ष फार ओरडतात.”

*

आत्याचा भाचा शिंपी होता. दुकान म्हणजे जिन्याखालची फट. ओठांत टाचण्यांची रांग धरून तो एका कोटाची बाही जोडत होता. बाईंनी प्रश्न विचारले की आधी “हुं” करायचा, मग टाचण्या काढून बोलायचा.

“फोटो न्यायला गेला होतास संस्थेत?”

“हुं.” टाचण्या निघाल्या. “आत्याचा. भिंतीला लावायला. आणखी काही नेलं नाही, झडती घ्या हवी तर. दुकान एवढंसं, तुम्ही आत आलात तर मला बाहेर जावं लागेल.”

“आत्या जळिताचं सांगायची तुला?”

“लहानपणापासून. पण कमी. मांजराचं, शेजाऱ्यांचं, आईचा मार चुकवल्याचं जास्त. मी शिवत बसायचो, ती बोलत बसायची. टाचण्या तोंडात असल्या तरी हुंकार द्यावाच लागायचा. विसरलो की वाक्य तिथंच तोडायची आणि विचारायची, ‘काय रे, मेलास का?’ एकदा झोप लागली मला, तर काठीनं ढोसलं. म्हणे, मी काय भिंतीला सांगू?”

बाईंना हसू आलं. कितीतरी वेळानं.

“लेखक आले होते तिच्याकडे शेवटच्या आठवड्यात?”

“आले होते दुपारचे. मशीन घेऊन. मी इथं दुकानात. संध्याकाळी घरी गेलो तर आत्या तोंड फुगवून बसलेली. काय झालं म्हटलं, तर म्हणे, ‘आज आवाज नाही लागला.’ त्यावर एक शब्द बोलली नाही.” त्यानं टाचणी कोटात खुपसली. “बांबूबद्दल पेपरात आलं, ते वाचून मला घास गेला नाही, बाई. आत्या तिचं नाव घ्यायची तेव्हा आवाज खाली आणायची. देवाचं घेतल्यासारखं.”

*

मालकाचा नातू गुळगुळीत टेबलामागे बसला होता. चहा मागवला. चहावर साय धरली तरी दोघांनीही कपाला हात लावला नाही.

“तुम्हाला वाटतं मी कॅसेट चोरली,” तो सरळ म्हणाला. “वाटणारच. फायदा माझाच आहे.”

“चोरलीत?”

“नाही. चोरायची गरज काय? खरं काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दार सरकतं होतं. लोखंडी, रुळावरचं. कामाची पाळी संपायच्या आधी बाया बाहेर पडू नयेत म्हणून आजोबा बाहेरून अडसर घालायला लावायचे. त्याचीच टोचणी होती, म्हणून तर पुस्तकाचा खर्च उचलला.”

“मग पेपरातलं वाचून काय वाटलं?”

त्यानं टेबलावरचे कागद एका रेषेत लावले.

“बरं वाटलं,” शेवटी म्हणाला. “खोटं कशाला बोलू? वाटलं, आजोबांनी अडसर घातलाही असेल, पण मारलं दुसऱ्याच कुणी. त्या रात्री शांत झोपलो.”

“दार सरकतं होतं हे तुम्हाला माहीत. कडी कुठून आली, हे विचारावंसं नाही वाटलं?”

“सोयीची गोष्ट कोण तपासतं, बाई?”

जमादारबाईंच्या जिभेच्या टोकाशी एक शब्द आला. सूर्य अजून वर होता. त्यांनी तो शब्द गिळला. कडू लागला.

*

लेखकमहाशयांचं घर पुस्तकांनी आणि अत्तराच्या वासानं भरलेलं होतं. गावात त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोलायचं नाही. वाचून दाखवायला उभे राहिले की सभागृह हुंदके द्यायचं. आवाजच तसा, साखरेत घोळलेला.

“या, या, जमादारबाई! तुम्हाला पाहिलं की उगाच वाटतं, आपण काहीतरी केलंय.” ते स्वतःच हसले.

त्यांच्या मांडीवर छापलेलं पुस्तक होतं. प्रत्येक पान उलटताना ते बोट जिभेला लावत. पानाचा कोपरा ओला व्हायचा. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

“सगळं पुस्तक ‘मी’ असंच लिहिलंय?”

“अर्थात. मी सूत गुंडाळत होते, मी धुरात सापडले. वाचकाला आत्या हवी, तिच्या शेजारी बसलेला माणूस नको. दुसऱ्याचा ‘मी’ लिहिणं सोपं नसतं हो. स्वतःला पुसून टाकावं लागतं.”

“त्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगा ना.”

त्यांनी डोळे मिटले. ही गोष्ट त्यांनी बऱ्याच वेळा सांगितली असावी.

“दुपार होती. ती खाटेवर, मी समोर खुर्चीत. मशीन सुरू केलं आणि ती बोलायला लागली. एका ओघात. बांध फुटावा तशी.”

“तुम्ही काही विचारलंत?”

“छे! अशा वेळी श्वास घ्यायचीही भीती वाटते. मी नुसती मान डोलावत होतो. तिला दिसत होतं ना, की हा माणूस ऐकतोय. त्या आधारावरच ती बोलली.”

“आणि टेप होती तशीच दिलीत? काटछाट नाही?”

“एका शब्दाची नाही. सगळे शब्द तिचे.”

बाई उठल्या. जिना उतरताना त्यांनी पदर नाकाला धरला. अत्तर चांगलं होतं, तरीही.

तिथून त्या तडक संस्थेत गेल्या.

“जळिताचं सोड,” त्यांनी कानवालीला सांगितलं. “आत्याच्या लहानपणाच्या जेवढ्या टेपा आहेत तेवढ्या ऐक. एक दार शोधायचंय.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. समारंभाच्या खुर्च्या यायच्या होत्या. भाचा गळ्यात टेप घालूनच आला होता, कपडे मापायची. नातू दाराशी उभा. धाकटी भिंतीकडच्या खुर्चीत, पदर मुठीत गोळा करून. लेखकमहाशय खिडकीच्या उजेडात, पुस्तक हातात.

“बाई, थोडक्यात आवरा,” अध्यक्ष म्हणाले. “कॅसेट कुणी नेली एवढंच सांगा.”

“ती का नेली, ते आधी. मग कुणी, ते तुम्हीच सांगाल.” बाईंचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. “दाराच्या कडीपासून सुरू करू. शेवटच्या टेपवर आत्या म्हणते, तिनं टाचा उंचावून वरची कडी लावली. पण त्या खोलीचं दार सरकतं होतं. त्याला बाहेरून आडवा अडसर होता, वरची कडी नव्हती. हो ना?”

नातवानं मान हलवली. मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे ध्यानात येऊन तो मोठ्यानं म्हणाला, “हो. कडी नव्हती.”

“म्हातारं माणूस. कडी काय, अडसर काय, शब्द चुकला असेल,” लेखक म्हणाले.

“धरून चालू, चुकला. पण टाचा? धाकटे, तुझी बहीण केवढी होती?”

“दारातून वाकून जायची,” धाकटी पुटपुटली.

“कपाळाला टेंगूळ यायचं जिच्या, ती दाराला हात पोचावा म्हणून टाचा उंचावेल? बांबूला टाचा उंचावायची गरज फक्त एकाच वयात पडली असेल. लहानपणी.”

लेखकांनी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं.

“मला ती टेप ऐकल्यापासून काहीतरी सलत होतं. भाच्याच्या दुकानात कळलं काय ते. आत्या आंधळी. समोरचा हुं म्हणाला नाही, तर ती वाक्य तिथंच तोडायची. मेलास का म्हणून विचारायची, काठीनं ढोसायची. म्हणूनच ही कानवाली नियम मोडून हुं हुं करायची आणि तुमचा ओरडा खायची. आणि या टेपवर? एवढं काळीज फाडणारं सांगितलं, तरी एक हुंकार नाही. आत्याचंही ‘ऐकतोस ना’ नाही. आत्या कुणाला सांगत होती हे? माझे साहेब म्हणायचे, ऐकणाऱ्याकडे बघ. मी बघायला गेले, तर ऐकणाराच नव्हता.”

“मी होतो!” लेखक उसळले. “मी समोर बसलो होतो. तुम्हाला सांगितलं ना, मी मान...”

ते थांबले.

“मान डोलावत होतात,” बाई म्हणाल्या. “आंधळीपुढे. आणि तिला ते दिसत होतं, त्याच्या आधारावर ती बोलली.”

भाच्याच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं.

“गेला होतात तुम्ही तिच्याकडे, हे खरं. मशीनही लावलंत. पण इथला नियम पाळून गप्प बसलात. ती दोन-चार वाक्यं बोलली असेल, समोरून हुं नाही की चूं नाही. ती थांबली. ‘आज आवाज नाही लागला’ म्हणाली ती भाच्याला. तुम्ही हात हलवत परत आलात. पण ती गेल्यावर प्रकरण तुम्ही मनानंच लिहून पेपराला दिलंत. लोकांनी पुरावा मागितला. मग तुम्ही काय केलंत? कानवाली, लाव.”

कानवालीनं कॅसेट घातली. डबीवर ‘लहानपण’ असं तिच्याच अक्षरात होतं.

आत्याचा आवाज आला. तोच, खरखरीत, ठाम.

‘पिसाळलेला कुत्रा होता गं गल्लीत.’

‘हुं,’ कानवालीचा आवाज.

‘आम्ही पळालो. तिनं दार ओढून घेतलं. टाचा उंचावून वरची कडी लावली.’

‘हुं.’

‘आणि मांजर राहिलं की बाहेर! मी म्हटलं, उघड गं, उघड. ती म्हणाली, नाही उघडणार. मेले तरी नाही.’

‘मग?’

‘आवाज येत होता. मग थांबला. आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो. वाटलं, खाल्लं कुत्र्यानं. बघतो तर काय, मेलं मांजर छपरावर बसून अंग चाटतंय!’

टेपवर दोघी खळखळून हसल्या. खोलीत कुणीच हसलं नाही.

“पुढे, आईला कळू नये म्हणून ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस,” बाईंनी टेप थांबवली. “दोन मशीनं शेजारी ठेवायची, हवी ती वाक्यं एकावरून दुसऱ्यावर उतरवायची. हुं गाळायचे. मांजर गाळायचं. धूर आणि आग जळिताच्या टेपेतून घ्यायची. आणि ती मूळ टेप नाहीशी करायची, कारण तीच वाक्यं, तोच सूर कुणीतरी ओळखेल. लहानपणाची टेप मात्र जागेवर ठेवलीत. जळीत शोधणारा मांजराच्या गोष्टीत कशाला डोकावेल?”

अध्यक्षांनी घड्याळ बघणं सोडलं होतं.

“सर?” ते म्हणाले. “हे... सर?”

लेखकमहाशयांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. चेहऱ्यावर लाज असेल असं बाईंना वाटलं होतं. ती नव्हती. होती ती नाराजी, चुकीच्या जागी टाळी पडल्यासारखी.

“एकही शब्द माझा नाही,” ते म्हणाले. “सगळे तिचे आहेत. मी फक्त जागा बदलल्या.”

“का?”

“कारण तिला सांगता येत नव्हतं! मुकादम, अडसर, धूर. असं दर वर्षी कुठं ना कुठं घडतं. कोण वाचेल? पण मैत्रिणीनं मैत्रिणीसमोर दार लावलं आणि ती चाळीस वर्षं गप्प राहिली... अहो, वाचताना लोक रडले. जळालेल्या त्या बायांची कुणाला आठवण तरी होती का? मी आणून दिली.”

“आणि बांबू?”

“ती तर केव्हाच गेली.”

“ही नाही गेली,” बाईंनी धाकटीकडे बोट केलं.

लेखकांनी तिकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. धाकटी उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

“माझी बहीण आत जळत होती,” ती म्हणाली, “आणि तुम्ही तिथं मांजराचा आवाज घातलात.”

लेखकांनी तोंड उघडलं. सवयीनं बोट जिभेकडे गेलं, पण उलटायला पान नव्हतं. बोट तसंच ओलं राहिलं.

जमादारबाईंच्या घशाशी आतापर्यंतच्या सगळ्या शिव्या एकदम आल्या. गुन्हेगार त्यांनी पुष्कळ बघितले होते. सुरा चालवणारे, विष घालणारे. पण मेलेल्या बाईच्या तोंडात हात घालून तिच्याच जिभेनं तिच्या देवाला शिवी देणारा हा पहिला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. भाच्याला मात्र कसलं व्रत नव्हतं. जे त्यांना म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं, एका दमात. अध्यक्षांनीही त्याला अडवलं नाही.

“कॅसेट कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“पुसली,” लेखक म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा आला.

कानवाली टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

समारंभ रद्द झाला. नातवानं स्वतःहून पुढे येऊन सांगितलं, की अडसराचं तो लिहून सही करून देईल, पेपरातही छापेल. बाईंनी मान हलवली, पण त्याच्या चहासारखीच ती गोष्ट त्यांनी हात न लावता राहू दिली. हे सांगायला त्याला दुसऱ्याची चोरी पकडली जाईपर्यंत थांबावं लागलं होतं.

*

बाहेर आल्यावर धाकटी पायरीवर बसली. बाई शेजारी बसल्या. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती.

“सुटलीस,” बाई म्हणाल्या.

“मी सुटले.” धाकटीनं पदरानं तोंड पुसलं. “पण पुलापलीकडे एक म्हातारा आहे. त्याची पहिली बायको त्या खोलीत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याला वाचता येत नाही. सुनेनं पेपर वाचून दाखवला. तेव्हापासून तो नीट जेवत नाही म्हणे. बायको दाराच्या आत उभी राहून ‘उघड’ म्हणतेय, असं त्याला सारखं ऐकू येतं.”

बाई तिच्याकडे वळून बसल्या.

“पेपरात खुलासा येईल तेव्हा येईल. कुठल्यातरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात. सून वाचेल न वाचेल. त्याला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. मी गेले तर दार उघडायचा नाही तो.”

“मी सांगते.”

“कधी?”

“आज.”

“नक्की, बाई? तुम्ही दमलायत.”

“शब्द दिला ना तुला.”

धाकटीनं त्यांचा हात धरला, क्षणभर दाबला आणि सोडला.

सगळी हयात जमादारबाई लोकांना बोलतं करत आल्या होत्या. स्वतः कुणाला काही सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. सुरुवात कुठून करावी? त्या खोलीतल्या उकाड्यापासून, की हातातल्या सुतापासून? की आधी त्यानंच बोलावं, त्याच्या बायकोचं नाव काय होतं, ते विचारून?

त्यांनी चपलेचा पट्टा घट्ट केला, पुलाकडे जाणारा रस्ता कोणता ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, आणि सावलीच्या बाजूनं चालू लागल्या.